रोहित्र का जळाले, हे शोधावे कसे : नव्या अभियंत्यांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी क्रमवार मार्गदर्शन

रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) निकामी झाले की नोंदवहीतल्या 'कारण' या रकान्यात बहुतेक वेळा 'ओव्हरलोड' एवढा एकच शब्द लिहिला जातो आणि गाडी दुसरे रोहित्र आणायला भांडाराकडे वळते. हा शब्द कधी खरा असतो, पुष्कळदा अर्धा खरा असतो आणि काही वेळा साफ चुकीचा असतो. आत कॉईल जळालेली दिसते हे खरे, पण कॉईल जळणे ही शेवटची घटना आहे. तिच्याआधी काय काय बिघडत गेले त्याच्या खुणा टाकीवर, तेलात, फ्यूजमध्ये आणि वायंडिंगवर (तारेच्या वेढ्यांवर) उमटलेल्या असतात. घाईघाईने तेल काढले, रोहित्र गाडीत टाकले आणि वर्कशॉपच्या अंगणात इतर दहा रोहित्रांच्या शेजारी उतरवले की त्यांतल्या निम्म्या खुणा नाहीशा होतात. मूळ कारण तसेच राहिले तर त्याच चौथऱ्यावर बसवलेले दुसरे रोहित्रही महिना-दोन महिन्यांत परत येते. म्हणून या लेखात कारणांची यादी देण्यापेक्षा ती कोणत्या क्रमाने शोधावीत हे सांगितले आहे.

येथे मुख्यतः वितरण रोहित्रांचा विचार केला आहे, म्हणजे गावात ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात त्या ११ केव्हीवरून, म्हणजे ११ हजार व्होल्टवरून, ४३३ व्होल्टवर आणणाऱ्या २५, ६३, १०० आणि २०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रांचा. उपकेंद्रातल्या मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरविषयी शेवटाकडे वेगळा भाग आहे, कारण तिथे दुखणी तीच असली तरी ती ओळखण्याची साधने निराळी आहेत.

आधी आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणावे. सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा कोअर, त्याच्या प्रत्येक पायाभोवती आतल्या बाजूला लघुदाबाची आणि तिच्याबाहेर उच्चदाबाची वायंडिंग, तारेवर गुंडाळलेला कागद, दोन्ही वायंडिंगमध्ये प्रेसबोर्डचे थर आणि हे सगळे खनिज तेलात बुडालेले. तांबे किंवा ॲल्युमिनियम सहसा आपणहून बिघडत नाही, तेल गाळता किंवा बदलता येते. कागद मात्र एकदा गेला की गेला. नव्या कागदातल्या सेल्युलोजच्या साखळीत सरासरी हजाराच्या आसपास कड्या असतात. त्या तुटत तुटत २०० वर आल्या की कागद बोटाने दाबला तरी त्याचा भुगा होतो. उष्णता, ओलावा, शॉर्ट सर्किटचा धक्का आणि विजेसारखा अतिदाब हे त्या कागदाचे चार शत्रू. पुढे जे काही शोधायचे आहे ते यांपैकी कोण आधी आला एवढेच.

पहिली पायरी : जवळ जाण्याआधी

फीडर (उपकेंद्रातून येणारी लाईन) बंद करून घ्यावा, परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात घ्यावे, एबी स्विच (खांबावरचा, तिन्ही तारा एकदम तोडणारा स्विच) उघडून त्याची तिन्ही पाती खरोखर सुटली आहेत हे खालून डोळ्यांनी पाहावे, डीओ फ्यूजच्या (उच्चदाबाच्या बाजूच्या फ्यूजच्या) नळ्या काढाव्यात आणि डिस्चार्ज रॉडने दोन्ही बाजू अर्थ कराव्यात. 'दोन्ही बाजू' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. वरची लाईन बंद केली म्हणजे रोहित्र मृत झाले असे नवी मुले समजतात, परंतु खाली कोणी चेंजओव्हर स्विचशिवाय (लाईन तोडून मगच जनरेटर जोडणाऱ्या स्विचशिवाय) जनरेटर लावला असेल तर तो दाब लघुदाबाच्या बाजूने आत शिरतो. या रोहित्रांच्या उच्चदाब आणि लघुदाब वायंडिंगमधल्या फेऱ्यांचे (वेढ्यांचे) प्रमाण ४४ आहे, त्यामुळे खालून आलेले २३० व्होल्ट वरच्या बुशिंगवर (तार टाकीत शिरते तिथल्या चिनी मातीच्या नळीवर) सुमारे दहा हजार व्होल्ट होतात. लाईनमनचे जीव अशा उलट्या प्रवाहाने गेलेले आहेत.

दुसरी पायरी : विचारपूस आणि फ्यूज

रोहित्र किती वाजता गेले, तेव्हा पाऊस, वारा किंवा कडकडाट होता का, आवाज आला का, तेल उडाले का, आणि त्याआधी काही दिवस दिवे मंद होणे, एका फेजला दाब कमी येणे अशी तक्रार होती का, हे आसपासच्या लोकांना विचारावे. शेजारच्या शेतकऱ्याचे उत्तर पुष्कळदा मेगरइतके (विद्युतरोधक आवरण तपासणाऱ्या उपकरणाइतके) उपयोगी असते. 'तीन दिवस ठिणग्या उडत होत्या' असे कोणी म्हणाले तर सैल जोड शोधायचा. 'वीज पडली आणि गेले' असे म्हणाले तर लाइटनिंग अरेस्टरकडे (विजेची लाट जमिनीत उतरवणाऱ्या साधनाकडे) पाहायचे. 'फेज आली, सगळ्या मोटारी एकदम उठल्या आणि दहा मिनिटांत गेले' असे म्हणाले तर भाराचा हिशेब मांडायचा.

मग फ्यूज पाहावेत. खालच्या किटकॅटमध्ये (लघुदाबाच्या फ्यूजच्या चिनी मातीच्या पकडीत) योग्य मापाची तार आहे का, की कोणी ॲल्युमिनियमच्या वाहकाचे दोन-तीन पदर पिळून टाकले आहेत? जाड तार सापडली तर खालच्या लाईनवरचा प्रत्येक शॉर्ट रोहित्राने स्वतःच्या अंगावर घेतला, हे जवळजवळ सिद्ध झाले. खालचे फ्यूज योग्य मापाचे आणि शाबूत, पण वरचे उडालेले असतील तर दोष रोहित्राच्या आत किंवा उच्चदाबाच्या बाजूला आहे. या दोन ओळी त्याच वेळी वहीत लिहून फोटो काढावा, कारण संध्याकाळपर्यंत ती जाड तार कोणीतरी काढून टाकलेली असते.

तिसरी पायरी : बाहेरून निरीक्षण

वरून खाली पाहत यावे. उच्चदाबाच्या बुशिंगवर काळा ओरखडा किंवा चिनी मातीचा टवका उडालेला असेल तर बाहेरून ठिणगी गेली आहे. ती विजेमुळे, साचलेल्या धूळ-क्षारांमुळे किंवा खार, सरडा, साप यांच्यापैकी कोणामुळे. वेल चढलेली असेल तर निराळे सांगायला नको. लघुदाबाच्या बुशिंगचा स्टड निळसर-काळा पडला असेल, लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा जोडतुकडा) वितळला असेल किंवा खालचे गॅस्केट भाजून तेल झिरपत असेल तर जोड सैल होता. तांब्याच्या स्टडवर ॲल्युमिनियमचा वाहक थेट आवळला की काही महिन्यांत तिथे गंज धरतो, रोध वाढतो, तापमान वाढते आणि जोड आणखी सैल होतो. म्हणून तिथे बायमेटॅलिक, म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम अशा दोन धातूंचा लग हवा. हा दोष दिसायला क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवात टाळता येण्याजोग्या बिघाडांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे. एक जाणकार वायरमन पाना घेऊन वर्षातून दोनदा फिरला तर तो संपतो.

त्यानंतर तेलाची पातळी. टाकीच्या कडेने खाली ओघळलेल्या तेलावर धूळ चिकटून काळा पट्टा झाला असेल तर गळती जुनी आहे. पट्टा नाही आणि तरीही तेल नाही, ड्रेन व्हॉल्व्हची टोपी मात्र शेजारी पडलेली आहे, तर तेल चोरीला गेले आहे. तेल कमी झाले की वायंडिंगचा वरचा भाग उघडा पडतो, तिथली उष्णता वाहून जात नाही आणि निरोधनही (विद्युतरोधन, इन्सुलेशन) उणावते.

ब्रीदरकडे पाहायला एक मिनिट लागते आणि तेवढ्यात पुष्कळ कळते. रोहित्र दिवसा तापते, तेल फुगते आणि हवा बाहेर जाते. रात्री थंड होताना ते हवा आत ओढते. ती हवा सिलिका जेलमधून कोरडी होऊन जावी, अशी ही रचना आहे. निळे जेल गुलाबी झाले म्हणजे ते पाण्याने भरले. नव्या प्रकारचे नारिंगी जेल रंग सोडते. खालच्या वाटीत तेल नसेल तर हवा सतत जेलला भिडत राहते आणि ते लवकर संपते. जेल गुलाबी असताना चार महिने पावसाळा गेला असेल, तर आत ओलावा आहे असे गृहीत धरूनच पुढे जावे.

शेवटी लाइटनिंग अरेस्टर आणि अर्थिंग. अरेस्टर जागेवर आहे एवढे पुरत नाही. त्याची खालची तार खड्ड्यापर्यंत अखंड पोचली आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. ही तार चोरीला जाणे किंवा जमिनीलगत गंजून तुटणे नित्याचे आहे. वाट जितकी लांब आणि वळणांची, तितका तिच्यावर विजेच्या क्षणिक लाटेचा दाब जास्त उभा राहतो, दर मीटरमागे कित्येक किलोव्होल्ट. म्हणून अरेस्टर टाकीच्या जवळ आणि त्याची तार आखूड, सरळ असावी. अरेस्टर, न्यूट्रल आणि टाकी यांचे अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे असले पाहिजेत.

चौथी पायरी : मोजमापे

मेगरने उच्चदाब ते टाकी, लघुदाब ते टाकी आणि उच्चदाब ते लघुदाब असे तीन आकडे घ्यावेत. शून्याजवळचा आकडा आला तर निरोधन फुटले आहे. मधला आकडा आला तर तापमान लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की निरोधनाचा रोध ढोबळमानाने निम्मा होतो; दुपारी तापलेल्या रोहित्राचा आणि सकाळी थंड असलेल्या रोहित्राचा आकडा एकाच मापाने जोखू नये. आणि आकडा उत्तम आला तरी रोहित्र चांगले आहे असे जाहीर करू नये. एकाच कॉईलमधल्या शेजारच्या दोन फेऱ्या एकमेकींना चिकटल्या असतील तर मेगरला ते अजिबात कळत नाही, कारण त्या दोन्ही फेऱ्या टाकीपासून अजून अलगच असतात. नव्या मुलांची सर्वांत जास्त फसगत येथे होते.

त्यासाठी फेऱ्यांच्या प्रमाणाची चाचणी करावी. वर्कशॉपमध्ये उच्चदाबाच्या तिन्ही बुशिंगला ४१५ व्होल्टचा तीन फेज पुरवठा दिला, तर लघुदाबाच्या प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे ९.४ व्होल्ट आणि दोन फेजमध्ये सुमारे १६.३ व्होल्ट मिळायला हवेत. एका फेजला आकडा घसरला आणि वरच्या बाजूने प्रवाहही वाजवीपेक्षा जास्त ओढला जात असेल, तर त्या पायावरच्या फेऱ्या शॉर्ट आहेत. ही चाचणी करताना बुशिंगपासून दूर उभे राहावे आणि ४१५ व्होल्ट चुकूनही लघुदाबाच्या बाजूला देऊ नयेत, कारण मग वर सुमारे साडेदहा केव्ही उभे राहतील.

तेलाचा नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून घ्यावा, कारण पाणी आणि गाळ तिथे बसतो. सुरुवातीचे थोडे तेल सोडून द्यावे, बाटली कोरडी असावी आणि पावसाळी हवेत नमुना घेण्याचे टाळावे. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये तेल किती दाब सहन करते, ती बीडीव्ही चाचणी. ११ ते ३३ केव्हीच्या वापरातल्या रोहित्रांचे तेल ३० केव्हीच्या खाली तुटत असेल तर ते चालवण्याजोगे नाही. तेलाचा रंग आणि वासही लिहून ठेवावा : स्वच्छ पिवळसर तेलाला जळका, झोंबरा वास येत असेल तर दोष अचानक घडला आहे; गडद तपकिरी, गाळ धरलेले आणि आंबूस वासाचे तेल असेल तर रोहित्र वर्षानुवर्षे तापत होते.

पाचवी पायरी : भाराचा हिशेब

आता त्या 'ओव्हरलोड' शब्दाची परीक्षा घ्यायची. १०० केव्हीएच्या रोहित्राचा लघुदाबाचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३३ अँपिअर आणि ६३ केव्हीएचा सुमारे ८४ अँपिअर. वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून भार दीडपट झाला की ती सव्वादोनपट होते. साध्या क्राफ्ट कागदाच्या बाबतीत वायंडिंगच्या सर्वांत तप्त जागी ९८ अंश सेल्सिअस हे सामान्य झीज मोजण्याचे तापमान मानतात आणि त्यावर दर सहा अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असा सर्वमान्य अंदाज आहे. विदर्भात मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर असते. तेथे जानेवारीत निभावलेला भार मे महिन्यात निभावेलच असे नाही.

कृषिपंपांचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॉट, मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती सुमारे ४.७ किलोवॉट ओढते. पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष किलोवॉट होणारा भाग) ०.७ असेल तर रोहित्रावर प्रत्येकी सुमारे ६.७ केव्हीए पडतात आणि १०० केव्हीएवर पंधरा पंप बसतात. प्रत्येक पंपाला योग्य कॅपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९५ केला तर हाच आकडा ४.९ केव्हीए होतो आणि वीस पंप बसतात. म्हणजे कोणतेही नवे रोहित्र न बसवता पाच पंपांची सोय होते. उलट, कॅपॅसिटर काढून टाकलेले आणि प्रत्येक पंपावर ऑटो स्विच लावलेला असेल तर पुरवठा आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या सहापट किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढते, दाब कोसळतो, त्यामुळे मोटारींना वेग धरायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तो प्रवाह टिकून राहतो. रब्बीच्या हंगामात रोहित्रे जाण्याचे प्रमाण वाढते त्यामागे हे मोठे कारण आहे. याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणे मला अन्याय्य वाटते. रात्री दोनला वीज येणार असेल, तर थंडीत विहिरीवर जाण्याऐवजी तो ऑटो स्विच लावणारच. त्याला स्विच काढायला सांगण्यापेक्षा पंपांच्या स्टार्टरमध्ये वेगवेगळ्या विलंबाचे टायमर बसवून घेणे जास्त उपयोगी पडते.

भार एकूण कमी, पण एका फेजवर एकवटलेला, हा प्रकार गावठाणात नेहमी आढळतो. समजा १०० केव्हीएच्या रोहित्रावर टाँग टेस्टरने (तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) तीन फेजचे प्रवाह १४०, ६० आणि ७० अँपिअर मिळाले. सरासरी ९० येते आणि अहवालात 'भार ६८ टक्के' असे लिहिले जाते. प्रत्यक्षात एक फेज पूर्ण भाराच्या पुढे गेलेली आहे आणि न्यूट्रलमधून सुमारे ७५ अँपिअर वाहत आहेत. जळालेल्या रोहित्रात एकाच पायावरची वायंडिंग करपलेली आणि बाकी दोन ताजी असतील, तर हा मुद्दा आठवावा. दोन फेजवर कॅपॅसिटर लावून तीन फेज मोटार चालवण्याच्या जुगाडानेही असाच असमतोल होतो.

सहावी पायरी : कोअर-कॉईल वर उचलल्यावर

टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी ते आतून कसे आहे हे पाहण्याची तयारी ठेवावी. झाकणाच्या आतल्या बाजूला गंज किंवा थेंब असतील तर पाणी वरून आले आहे, बहुधा झाकणाच्या किंवा बुशिंगच्या गॅस्केटमधून. मग साखळीने कोअर-कॉईल सावकाश वर घेऊन, तेल निथळू देऊन, पुसण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत.

वायंडिंगवरचे चित्र नीट वाचता आले की निम्मा निकाल लागतो. तिन्ही पायांवरचा कागद सारखाच तपकिरी-काळा, ठिसूळ, चिमटीत कुसकरणारा असेल आणि कॉईलच्या वाटांमध्ये गाळ बसलेला असेल, तर दीर्घकाळ तापणे हेच कारण आहे आणि येथे 'ओव्हरलोड' लिहायला हरकत नाही. फक्त वरच्या काही कॉईल जळालेल्या आणि त्यांच्या खाली एका आडव्या रेषेपासून कागद चांगला असेल, तर ती रेषा म्हणजे तेलाची शेवटची पातळी.

उच्चदाबाच्या वायंडिंगच्या टोकाकडच्या, म्हणजे बुशिंगकडून येणाऱ्या पहिल्या काही फेऱ्या एका लहानशा जागी जळून भोक पडलेले, आणि त्यापासून वीतभर अंतरावर कागद अगदी नवाकोरा, असे दिसले तर ते विजेच्या लाटेचे काम. लाट इतकी तीव्र असते की तिचा दाब पूर्ण वायंडिंगवर सारखा वाटला जात नाही. तो सुरुवातीच्या फेऱ्यांवर एकवटतो. ११ केव्हीच्या रोहित्राची अशी लाट सोसण्याची नेमलेली क्षमता ७५ केव्ही असते आणि अरेस्टरची तार तुटलेली असेल तर जवळपास पडलेली वीज ती सहज ओलांडते. मे-जूनच्या वळिवात आणि परतीच्या पावसात असे बिघाड गठ्ठ्याने येतात.

शॉर्ट सर्किटचे चित्र याहून निराळे आहे. १०० केव्हीएच्या रोहित्राचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा आतला विरोध) साधारण साडेचार टक्के असतो, म्हणून खालच्या बुशिंगजवळच शॉर्ट झाला तर पूर्ण भाराच्या सुमारे बावीसपट, म्हणजे जवळजवळ तीन हजार अँपिअर वाहतात. वायंडिंगवरचे बल प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे नेहमीच्या पाचशेपटीच्या आसपास, आणि पहिल्या अर्ध्या आवर्तनात त्याहूनही अधिक. आतली लघुदाबाची वायंडिंग कोअरकडे दाबली जाऊन चेपते, बाहेरची फुगते, आणि दोघींची उंची नीट जुळलेली नसेल तर एक वर, एक खाली सरकते. लाकडी किंवा प्रेसबोर्डचे ठोकळे टाकीच्या तळाशी पडलेले सापडतात. कागदाचा रंग मात्र पुष्कळदा चांगला असतो. अशा रोहित्रावर 'ओव्हरलोड' लिहिणारा माणूस खरा गुन्हेगार मोकळा सोडतो, आणि तो असतो बाहेर खांबांवर.

एका गावातल्या चौथऱ्यावर एका हंगामात तीन रोहित्रे गेल्याचे मी पाहिले आहे. भार मोजला तर ऐंशी टक्केसुद्धा नव्हता. तिसऱ्या वेळी कॉईल उघडल्यावर चेपलेली लघुदाब वायंडिंग दिसली, म्हणून लाईन पायी चालून पाहिली. चौथ्या आणि पाचव्या खांबामधल्या तारा इतक्या झोळ खाल्लेल्या होत्या की वारा सुटला की एकमेकींना भिडत. प्रत्येक भिडणे म्हणजे एक शॉर्ट, आणि किटकॅटमध्ये जाड तार. तारा ताणल्या, मध्ये स्पेसर बसवले, योग्य फ्यूज टाकले. चौथे रोहित्र त्यानंतर कित्येक वर्षे तिथेच होते.

ओलाव्याची खूण बहुधा खाली सापडते, कारण तेलापेक्षा जड असलेले पाणी तळाशी उतरते. तळाच्या कॉईल फुटलेल्या, तळाचा पत्रा गंजलेला, कोअरच्या खालच्या भागावर लालसर डाग. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेल गाळून बीडीव्ही साठच्या वर आणले म्हणजे रोहित्र कोरडे झाले, असे मानले जाते. रोहित्रातले बहुतांश पाणी कागदात मुरलेले असते. गाळलेले तेल परत भरल्यावर काही आठवड्यांत कागदातले पाणी तेलात उतरते आणि बीडीव्ही पुन्हा पडतो. कोअर-कॉईल ओव्हनमध्ये तापवून मेगरचे आकडे स्थिर होईपर्यंत वाळवणे, मोठ्या रोहित्रांत निर्वात पंपासह गरम तेल फिरवणे, हाच उपाय आहे.

कोअरचे दोष वितरण रोहित्रांत कमी आढळतात. बोल्टवरचे निरोधन फुटले किंवा कोअर दोन ठिकाणी टाकीला टेकला तर पत्र्यांमधून चक्राकार प्रवाह वाहून एका जागी निळसर-काळा डाग पडतो. दुरुस्तीतले दोष मात्र दुर्लक्षू नयेत : कच्चा वेल्डिंगचा जोड, मापापेक्षा बारीक तार, पूर्ण न वाळवता भरलेली कॉईल, जुनेच वापरलेले गॅस्केट. दुरुस्त होऊन आलेले रोहित्र वर्षाच्या आत पुन्हा गेले आणि बाहेर काहीच दोष सापडला नाही, तर दुरुस्तीची नोंद मागवून पाहावी.

उपकेंद्रातले मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मर

येथे रोहित्र जळेपर्यंत थांबायचे नसते. सिग्रे या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोठ्या बिघाडांच्या जागांमध्ये वायंडिंग पहिल्या क्रमांकावर, त्यानंतर टॅप चेंजर (फेऱ्या बदलून दाब कमी-जास्त करणारी यंत्रणा) आणि बुशिंग असा क्रम आढळला होता. त्यांपैकी बुशिंगचा बिघाड सर्वांत भयावह, कारण बुशिंग फुटले की पेटते तेल बाहेर पडते आणि पूर्ण रोहित्राला आग लागते. कंडेन्सर बुशिंगचा टॅन डेल्टा (निरोधन किती खराब झाले ते दाखवणारा आकडा) आणि कपॅसिटन्स दरवर्षी मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. तेल-कागद प्रकारच्या बुशिंगचा टॅन डेल्टा ०.००७ कडे सरकू लागला की बदलीची तयारी सुरू करावी.

बुखोल्झ रिले टाकी आणि कंझर्व्हेटर (तेलाची वरची लहान टाकी) यांच्यामधल्या नळीत असतो. आत लहानसा दोष सुरू झाला की तेलाचे विघटन होऊन वायू वर येतो, रिलेत साठतो आणि अलार्म देतो. मोठा दोष झाला की तेलाचा लोंढा खालची फडी ढकलतो आणि ब्रेकर पडतो. अलार्म आला की वायू सोडून देऊन रोहित्र पुन्हा चालू करण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती घातक आहे. तो वायू नमुन्यासाठी गोळा करावा आणि त्याचबरोबर तेलातल्या विरघळलेल्या वायूंची, म्हणजे डीजीए चाचणी करून घ्यावी. हायड्रोजन एकटाच वाढला असेल तर आंशिक विसर्जन (निरोधनाच्या एखाद्या भागात होणारे बारीक विद्युत विसर्जन), इथिलीन वाढला असेल तर तेल कुठेतरी फार तापत आहे, कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर कागद भाजत आहे आणि ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणगी उडत आहे, असे ढोबळ वाचन करता येते. ॲसिटिलीन पाहून घाबरण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी : टॅप चेंजरच्या कप्प्यातले तेल सीलमधून मुख्य टाकीत झिरपत असेल तर तिथल्या नेहमीच्या ठिणग्यांचा ॲसिटिलीन येथे दिसतो. एका आकड्यावरून निर्णय घेऊ नये. महिनाभराच्या अंतराने घेतलेले दोन-तीन नमुने आणि त्यांतली वाढ पाहावी.

टॅप चेंजरच्या संपर्कांवर कोळसा धरणे, फार काळ एकाच टॅपवर राहिल्याने त्यांवर थर बसणे आणि ड्राइव्हच्या यंत्रणेतली ढिलाई ही त्याची नेहमीची दुखणी. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात फीडरवरचा दोष दूर न करता ब्रेकर पुन्हा पुन्हा चढवून पाहणे, हे वायंडिंगवर हातोडा मारण्यासारखे आहे. एकेका धक्क्याने ठोकळे सैल होतात आणि दहाव्या धक्क्याला, जो पहिल्यापेक्षा मोठा नसतो, वायंडिंग कोसळते.

सातवी पायरी : दुसरे रोहित्र चालू करण्यापूर्वी

सापडलेला दोष आधी दूर करावा, मग रोहित्र चढवावे. अंधार पडत आला आणि गाव भोवती जमले की हा क्रम उलटण्याचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. निदान फ्यूज योग्य मापाचे टाकणे, अरेस्टरची तार अखंड करणे आणि बायमेटॅलिक लग बसवणे ही तीन कामे त्याच दिवशी होऊ शकतात. नव्या रोहित्राचा मेगर, तेलाची पातळी आणि ब्रीदर पाहावा. वाहतुकीसाठी ब्रीदरच्या तोंडावर लावलेली टोपी किंवा चिकटपट्टी काढायची राहून जाते, तीही आठवणीने काढावी. प्रथम भाराशिवाय चालू करून तिन्ही फेजचा दाब मोजावा, गुणगुण एकसारखी आहे का ते ऐकावे आणि मग एकेक सर्किट जोडावे. त्याच आठवड्यात, भार सर्वांत जास्त असतो त्या वेळी, टाँग टेस्टरने तिन्ही फेजचे आणि न्यूट्रलचे प्रवाह घेऊन तारीख, वेळ आणि हवेचे तापमान यांसह नोंदवहीत लिहावेत, आणि 'कारण' या रकान्यात जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे : 'किटकॅटमध्ये जाड तार, चौथ्या व पाचव्या खांबामधील तारा सैल, लघुदाब वायंडिंग आत चेपलेली'.